गच्चीवरच्या सळ्या

साताऱ्याच्या शाहूपुरीत, कराडच्या विद्यानगरात किंवा सांगलीच्या विश्रामबागेत एखाद्या जुन्या बंगल्याच्या गच्चीवर गेले की कॉलमच्या सळ्या वर आलेल्या दिसतात. मुलांची लग्ने झाली की वरचा मजला चढवायचा, म्हणून त्या सोडलेल्या असतात. बहुतेक ठिकाणी तो मजला कधीच चढत नाही. सळ्या पावसात गंजत राहतात, गंजून फुगतात आणि खालच्या काँक्रीटला चिरा पाडतात. त्या चिरांतून पाणी उतरते आणि ज्या कॉलमने पुढचे ओझे उचलायचे होते तोच आतून पोखरतो. घरांचे नकाशे काढण्याच्या आणि जुनी घरे तपासण्याच्या माझ्या कामात या सळ्यांनी मला फार विचार करायला लावले आहे. घर वाढेल याची तजवीज इकडे जवळजवळ प्रत्येक कुटुंब करते. घरातली माणसे कमी होतील, उरलेल्यांचे गुडघे थकतील, वरचा मजला झाडायला कोणी नसेल, याची तजवीज मात्र नकाशात कुठे दिसत नाही. घर निवडताना किंवा बांधताना वाढीपेक्षा या आटण्याचा विचार आधी व्हायला हवा, असे माझे मत आहे.

हिशोब अगदी साधा आहे. नीट बांधलेले आरसीसीचे घर पन्नास-साठ वर्षे टिकते. नोकरदार किंवा बागायतदार कुटुंब ते पस्तिशी-चाळिशीत बांधते. त्या वेळी घरात आई-वडील असतात, दोन मुले शाळेत असतात, पाहुण्यांचा राबता असतो. हे भरलेपण पंधरा-वीस वर्षांचे. बारावीनंतर मुले पुण्याला जातात आणि तिथून बंगळूरला किंवा त्याही पुढे. पुणे-बंगळूर महामार्गाने सातारा पुण्यापासून दोन-अडीच तासांवर आणून ठेवला, तेव्हा मुले शनिवार-रविवारी येत राहतील असे सगळ्यांना वाटले होते. प्रत्यक्षात सोपी झाली ती जाण्याची वाट. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीपुढची माणसे दहा टक्क्यांच्या जवळपास होती, आणि तरुण बाहेर पाठवणाऱ्या आमच्या भागातल्या कित्येक गल्ल्यांत हे प्रमाण त्याहून जास्त आहे, हे संध्याकाळी दारात बसलेली माणसे पाहिली तरी समजते. म्हणजे घराच्या आयुष्यातला निम्म्याहून मोठा काळ त्यात एक किंवा दोन माणसे राहतात. नकाशा मात्र सहा माणसांचा असतो.

जुन्या वाड्यांना हा प्रश्न कसा पेलला, हे पाहण्यासारखे आहे. वाईजवळच्या मेणवलीतला नाना फडणवीसांचा वाडा सर्वांना माहीत आहे, पण मी बोलतो आहे ते साध्या, दोन-तीन सोप्यांच्या घरांबद्दल. लाकडी खांब आणि तुळयांच्या त्या घरांचे माप खणांत होते. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. भाऊ वेगळे झाले की खण वाटले जात, मध्ये कूड घातला जाई, दार काढले जाई आणि एका घराची दोन घरे होत. एकाने गाव सोडले की दुसरा त्याचे खण वापरी. झोपणे, स्वयंपाक, देवघर सगळे जमिनीलगत होते. माडी असलीच तर धान्याला किंवा पाहुण्यांना. माणदेशात, आटपाडी-जतकडे, जिथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, तिथे वर मातीचे माळवद असे. महाबळेश्वरच्या पाच-सहा हजार मिलिमीटर पावसात उतरते कौलारू छप्पर. छप्पर बदले, पण खणांची लवचीकता दोन्हीकडे सारखी. या घरांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्यांत माजघर अंधारे होते, धूर बायकांच्या डोळ्यांत जात होता, संडास परड्याच्या टोकाला होता. कोयनेच्या 11 डिसेंबर 1967च्या भूकंपात दगड-मातीच्या भिंतींनी किती जीव घेतले तेही विसरता येत नाही. आणि वाटण्या होता होता आज एकेका वाड्याच्या प्रॉपर्टी कार्डावर इतकी नावे चढली आहेत की कौल बदलायचे म्हटले तरी सगळ्यांची सही मिळत नाही. तरीही वाढणे आणि कमी होणे या दोन्ही गोष्टी त्या रचनेत मुळातच धरलेल्या होत्या. आपण बंगले बांधायला लागलो तेव्हा त्यातली वाढ घेतली आणि दुसरी बाजू सोडून दिली.

घरातल्या काही गोष्टी नंतर बदलता येतात, काही येत नाहीत. फरशी, ओटा, रंग, दारे, आतल्या भिंती हे सगळे पैसे टाकले की बदलते. जागा, जोत्याची उंची, रस्त्यापासूनचा चढ, जिन्याची जागा आणि कागदपत्रे या गोष्टी बदलत नाहीत, किंवा बदलायला दुसऱ्या घराइतका खर्च येतो. घर बघायला जाणाऱ्या कुटुंबाचा वेळ मात्र उलटा वाटला जातो. मॉड्युलर किचनवर तासभर बोलणे होते आणि पुराचे पाणी कुठवर आले होते हा प्रश्न जाता जाता विचारला जातो. सांगलीत तरी असे होऊ नये. आयर्विन पुलावर कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. 2005मध्ये आणि 2021मध्ये पाणी पन्नास फुटांच्या वर गेले, ऑगस्ट 2019मध्ये साडेसत्तावन फुटांच्या आसपास. सोळा वर्षांत तीन महापूर. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड, सांगलीवाडी या भागांना तर त्याहून लहान पुरांतही घर सोडावे लागते. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हळदीची जमिनीखालची पेवे होती. पिढ्यान् पिढ्या कोरडी राहिलेली ती पेवे 2005च्या पाण्याने निकामी केली. पिढ्यांचा अनुभवही नदीपुढे पुरा पडत नाही, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा नसेल.

यावर नेहमी येणारे उत्तर असे की पूर काही दरवर्षी येत नाही, आणि पाणी चार दिवसांत उतरते. हे उत्तर मी गंभीरपणे घेतो, कारण ते देणारे लोक पुरातून गेलेले असतात. पण आकडे वेगळे सांगतात. पाटबंधारे विभागाच्या नकाशावर निळी पूररेषा असते ती साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ हे शब्द ऐकले की माणसाला वाटते, आत्ताच येऊन गेला, आता पंचवीस वर्षे निर्धास्त. त्याचा खरा अर्थ दरवर्षी शंभरात चार इतकी शक्यता, मग गेल्या वर्षी आलेला असो वा नसो. गृहकर्जाची मुदत वीस वर्षे धरली तर त्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात छपन्न निघते. कर्ज फिटायच्या आत पाणी घरात येईल, ही बाजू न येण्यापेक्षा जड आहे. लाल रेषेच्या कडेवरच्या घरात चाळीस वर्षे राहायचे ठरवले तर तीच शक्यता शंभरात तेहतीस. आणि हा हिशोब पावसाचा स्वभाव पूर्वीसारखाच राहील असे धरून केलेला आहे. तिशीतला माणूस पूर निभावतो. टीव्ही-फ्रीज वर चढवतो, आई-वडिलांना बोटीत बसवतो, पाणी उतरले की चिखल काढतो. तोच माणूस पासष्टीला त्याच घरात असेल, तेव्हा बोटीत बसवायचे कोणाला आणि बसवणारा कोण, हे घर घेतानाच विचारायला हवे.

इथे एक खरी अडचण उभी राहते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. म्हातारपणासाठी तळमजला चांगला, असे आम्ही व्यवसायातली माणसे सांगतो. पुरासाठी वरचा मजला चांगला, असे सांगलीकर सांगतात. दोन्ही बरोबर आहे. म्हणून नदीकाठच्या अपार्टमेंटमध्ये दुसरा-तिसरा मजला घेऊन लोक सुटका झाली असे मानतात. पण महापुरात त्या इमारतींचे काय होते? वीज मीटर खाली, पाण्याचा पंप खाली. ते बुडाले की लिफ्ट बंद, नळ बंद. वरच्या मजल्यावरचा माणूस कोरडा राहतो, पण अडकून पडतो. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या तर खाली उतरून जायला रस्ताच नसतो. माझा निष्कर्ष असा की पुराच्या जागेत थकलेल्या माणसासाठी कोणताच मजला योग्य नाही. मजल्याचा प्रश्न जागेचा प्रश्न सुटल्यावरच सुरू होतो. उंचावरच्या जागेत तळमजला घ्यावा. आणि उंचावरची जागा परवडत नसेल तर चार खोल्यांऐवजी दोन खोल्या घ्याव्यात, पण त्या उंचावर घ्याव्यात. क्षेत्रफळ कमी करून जागा चांगली घेणे हा सौदा मला जवळजवळ प्रत्येक वेळी फायद्याचा दिसलेला आहे.

साताऱ्याची अडचण वेगळी. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आणि यवतेश्वरच्या बाजूला शहर चढत गेले आहे. तिथे पूर नाही, हवा छान, खिडकीतून डोंगर दिसतो. पण रस्त्यावरून दारापर्यंत पंधरा-वीस पायऱ्या, आणि गाडी खालीच लावावी लागते. चाकाच्या खुर्चीसाठी उतरता रस्ता करायचा तर एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. तीन फुटांचे जोते असेल तर छत्तीस फुटांचा रॅम्प झाला, आणि गुंठा-दीड गुंठ्याच्या प्लॉटवर तो बसत नाही. न्हाणीघराचे दार अजूनही सव्वादोन-अडीच फुटांचे ठेवले जाते. खुर्ची आत जायला तीन फूट लागते आणि वळायला पाच फुटांचे वर्तुळ. बांधताना या गोष्टींना जवळजवळ जादा खर्च नाही. नंतर भिंत फोडून, फरशी उखडून, नळ हलवून करायचे म्हटले की खर्चही होतो आणि त्या काळात आजारी माणूस राहणार कुठे हा प्रश्न वेगळाच. हे सुचवले की घरमालक थोडा दुखावतो, कारण नव्या घराच्या नकाशावर आजारपणाचे बोलणे त्याला अशुभ वाटते. ती भावना मी समजू शकतो. पण पाय मोडलेला तरुण, बाळंतीण आणि पहिली पावले टाकणारे मूल या सर्वांना तळमजल्यावरची एक खोली आणि तिला लागून रुंद दाराचे न्हाणीघर सारखेच उपयोगी पडते. म्हातारपणाचे नाव न काढताही ते नकाशात बसते.

सर्वांत अवघड आक्षेप गलाई व्यवसायातल्या कुटुंबांचा आहे. खानापूर, आटपाडी, विटा या भागातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी भारतभर पसरली आहेत. त्यांनी गावाकडे मोठमोठी घरे बांधली. वर्षाचा बराच काळ ती कुलुपात असतात किंवा आई-वडील खालच्या दोन खोल्यांत राहतात. यात्रेला आणि लग्नसराईला सगळी दारे उघडतात. बाहेरून बघणारा म्हणतो, एवढा पैसा भिंतीत कशाला घातला? पण जो माणूस परमुलखात, दुसऱ्या भाषेत, भाड्याच्या गाळ्यात आयुष्य काढतो, त्याला गावात आपले नाव असलेले दार हवे असते. ही गरजच आहे. तिला हौस म्हणून बाजूला सारणे अन्याय्य होईल. मी एवढेच म्हणतो की त्या गरजेचे माप नीट घ्यावे. यात्रेला तीस माणसे जमतात ती चार-पाच दिवस, आणि ती पलंगावर झोपत नाहीत. त्यांना मोठा सोपा, पुढचे अंगण, पाण्याची मोठी टाकी आणि जास्तीचे संडास-मोरी लागते. वर्षभर राहतात ती दोन म्हातारी माणसे, आणि त्यांना उजेडाची, उबेची, दवाखान्याच्या रस्त्यावरची लहान जागा लागते. मोठा सोपा अधिक दोन चांगल्या खोल्या हे घर गावकीतला मान सांभाळते आणि म्हातारपणही सांभाळते. वरच्या मजल्यावरच्या चार बेडरूम या दोन्हींपैकी काहीच करत नाहीत. त्या झाडायच्या कोणी, हा प्रश्न तर पुरुषांच्या बैठकीत निघतच नाही. तो घरातल्या बाईच्या कंबरेवर पडतो.

मोठे घर आधीच बांधून झाले असेल तर ते वाटता येण्यासारखे आहे का, हे बघावे. इथे जिना सगळे ठरवतो. जिना बाहेरून असेल तर वरचा मजला स्वतंत्र होतो: वेगळे मीटर घेता येते, भाडेकरू ठेवता येतो, उद्या एका मुलाला देता येतो. गेल्या काही वर्षांत हॉलमधून वर जाणारा काचेच्या कठड्याचा जिना सगळ्यांना हवासा वाटतो. त्याने घर एकसंध होते आणि कायमचे एकसंधच राहते. दोन माणसांना पाच खोल्या नको झाल्या तरी त्यातला भाग वेगळा काढता येत नाही. भाडेकरू ठेवला की तो घर बळकावतो, ही भीती जुन्या काळातल्या अनुभवांतून आलेली आहे. 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा लेखी, नोंदणीकृत करार केला तर मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याचा सरळ मार्ग आहे. विश्रामबागेला वालचंद महाविद्यालय आणि विलिंग्डन, कराडला अभियांत्रिकी आणि कृष्णा रुग्णालय, मिरजेला वैद्यकीय महाविद्यालय. तिथे राहायला जागा शोधणारी मुले आणि परिचारिका दरवर्षी येतात. वर कोणीतरी तरुण माणूस राहतो, रात्री हाक मारली तर खाली येतो, याचा उपयोग भाड्यापेक्षा मोठा आहे.

घर भाड्याने घेणे हाही एक पर्याय आहे आणि आमच्याकडे त्याला उगाच कमीपणा चिकटला आहे. भाड्याचे पैसे वाया जातात, असे म्हणतात. तीस लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे सत्तावीस हजार बसतो. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले साडेबावीस हजार नुसते व्याज असते. मुद्दलात जातात ते साडेचार हजार. वीस वर्षांत फेड होते जवळजवळ पासष्ट लाखांची. व्याज हेही कोणाच्या तरी पैशाचे भाडेच आहे. त्यावर घर विकताना पुढच्याला मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून सहा-सात टक्के लागतात, ते त्याच्या बोलीतून वजा होतातच. म्हणून बदली होणारी नोकरी, मुलांच्या शाळेची सात-आठ वर्षे, नवरा-बायकोची कामे दोन गावांत, अशा काळात भाड्याचे घर हा शहाणा निर्णय ठरू शकतो. उलट बाजूही खरी आहे: साठीनंतर दर अकरा महिन्यांनी करार नव्याने करण्याची धास्ती नको असते, आणि उत्पन्न थांबल्यावर स्वतःच्या छपराची किंमत कळते. म्हणजे मालकीची सर्वांत जास्त गरज उतारवयात असते, आणि आपण ती तिशीतल्या स्वप्नांच्या मापाने विकत घेतो.

हे सगळे निवड असणाऱ्यांचे बोलणे झाले, असे कोणी म्हटले तर ते मान्य करावे लागेल. सांगलीच्या शामरावनगरासारख्या सखल, काळ्या मातीच्या भागात लोक हौसेने गेले नाहीत. मंजूर लेआउटमधला प्लॉट परवडत नव्हता, म्हणून गुंठा-अर्धा गुंठा हप्त्याने घेतला आणि मिळेल त्या कागदावर घर उभे केले. 2001च्या गुंठेवारी कायद्याने आणि 2021च्या दुरुस्तीने कागद नियमित होण्याची वाट दिली, ते आवश्यकच होते. पण कागद नियमित झाल्याने जमीन उंच होत नाही आणि पाणी निघून जायला वाट तयार होत नाही. या लोकांना ‘योग्य जागा निवडा’ असा सल्ला देणे निर्दयपणाचे आहे. त्यांच्यासाठी निवड शासनाने आणि महापालिकेने तयार करायची आहे: शहराच्या उंच बाजूला, बसच्या रस्त्यावर, लहान प्लॉट. कोयनेच्या धरणग्रस्तांना उचलून लांब नेऊन बसवले तेव्हा घरे मिळाली पण शेजार आणि काम तुटले, हा अनुभव सातारा जिल्ह्याच्या पदरात आहे. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे जुलै 2021मध्ये डोंगर घरांवर आले. त्या माणसांनाही नुसती भिंत-छप्पर पुरणार नाही, शेताच्या वाटेवरची जागा लागेल.

राहिला प्रश्न घर कधी बदलायचे याचा. बहुतेक कुटुंबे हा निर्णय पहिल्या पडझडीनंतर घेतात. मांडीचे हाड मोडते, जोडीदार जातो, आणि मग घाईघाईने मुलाच्या शहरातला फ्लॅट. पंचाहत्तरीला नवे घर अंगवळणी पडत नाही, रात्री उठल्यावर दिव्याचे बटण कुठे हेही हाताला सापडत नाही. पंचावन्न ते साठ हे बदलाचे खरे वय. हात-पाय चालतात, नव्या गल्लीत ओळखी करून घेण्याची उमेद असते आणि मोठे घर विकून लहान घेतल्यावर उरलेली रक्कम हातात राहते. मोठे घर मुलांच्या नावावर करून टाकण्याची घाई मात्र करू नये. 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळवण्याची तरतूद आहे. पण ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी, आणि ती लिहून घेण्याचा संकोच आई-वडिलांनाच जास्त होतो. नव्या घराची जागा शोधताना अंतर कमीत कमी ठेवावे. नेहमीचा डॉक्टर, उधारी देणारा दुकानदार, भजनी मंडळ, सकाळी फिरायला बोलावणारा शेजारी ही सगळी माणसे मिळून घराचा अर्धा भाग असतात आणि ती ट्रकमध्ये घालून नेता येत नाहीत. साताऱ्याच्या मंगळवार पेठेतल्या जोडप्याने आधी सदर बझारातला तळमजला बघावा. सांगलीच्या गावभागातल्याने विश्रामबाग किंवा मिरज बघावी, डॉ. वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत दवाखाना थाटल्यापासून कर्नाटकातूनही लोक उपचाराला तिथे येतात, आणि सांगलीकराला ती बसने अर्ध्या तासावर आहे. पुण्यातल्या मुलाच्या सोसायटीतला अकरावा मजला यानंतर बघायचा, आणि तोही आधी महिना-दोन महिने राहून, पावसाळ्यात.